पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याला कोठे धड थारा नाही अशा माणसाविषयी ती बोलली जाते. आणि बोलणाऱ्याच्या स्वरात थोडी कणव व पुष्कळसा उपहास असतो. परंतु या पृथ्वीतलावर असाही एक देश आहे, की जेथे पक्के घर असलेली, नोकरीधंद्यात स्थिरावलेली, मुलाबाळांची माणसे पदरचे पैसे खर्चून हे विंचवाचे बिऱ्हाड मुद्दाम विकत घेतात, त्याची निगा राखतात, आणि वर्षातून दोन-चार आठवडे त्यातच संसार थाटण्यासाठी उरलेले वर्षभर झुरत असतात. तो देश ऑस्ट्रेलिया. आम्ही पतिपत्नी बेळगाव सोडून पर्थ शहरी येऊन राहिलो, त्याला आता बरीच वर्षे लोटली. आणि या देशाची जी खुळे आम्हांला जडली, त्यांत हे एक होय.

वाचकांपैकी बहुतेकांनी ही वस्तू पाहिलेली नसणार, म्हणून प्रथम तिचे वर्णन केले पाहिजे. तिला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. मोटारीच्या मागे जोडावयाची ही दोन चाकांची एक भक्कम लोखंडी पेटी. मुक्कामी पोहोचल्यावर पेटीचे झाकण उलगडले की तेच झाकण जमीन होते, आणि आत घडी घातलेला कॅनव्हासचा तंबू छत्रीसारखा उभा राहतो. वर बिछाना, मागच्या बाजूस खणातून सरकत बाहेर येणारी चूल, पोटाशी पाण्याची टाकी, पुढे शीतकपाट, बाजूस हत्यारांची पेटी. पंधरा-वीस मिनिटांत घर तयार. सकाळी तितक्याच वेळात ते पुन्हा पेटीत. आमच्या घरी तिला ट्रेलर असे कोणीच म्हणत नाही. तिचे नाव ‘बिऱ्हाड’.

हौसेसाठी चाकांवर घर बांधण्याची कल्पना तशी जुनी आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरने १८८५ साली ब्रिस्टल येथील कारखान्यात ‘वॉन्डरर’ नावाची एक ऐटदार घोडागाडी बनवून घेतली, तीत पुस्तके व भांडीकुंडी भरली, आणि तो इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर मजेत हिंडला. परंतु त्याला निदान रस्ते होते. ऑस्ट्रेलियातील आमच्या पश्चिम प्रांतात शहराची वेस ओलांडून उत्तरेस काही शेकडे मैल गेले, की डांबरी हमरस्त्यास फुटणारा फाटा बहुधा लाल मातीचा असतो. अशा वाटांसाठी बांधलेल्या ट्रेलरची जातच निराळी. त्याचा सांगाडा जाड, चाके उंच, प्रत्येक चाकास स्वतंत्र स्प्रिंग. आणि मोटारीशी त्याचा जोड असा, की मोटार एकीकडे कलली व ट्रेलर दुसरीकडे कलला तरी तो सर्व बाजूंनी फिरतो, मोडत नाही.

या वाटांचा खरा शत्रू खड्डा नव्हे. खड्डा दुरून दिसतो. खरा शत्रू म्हणजे रस्त्यावर उमटलेल्या बारीक, एकसारख्या लाटा. पन्हाळी पत्रा जमिनीवर अंथरावा आणि त्यावरून मैलोगणती गाडी हाकावी, तसा तो अनुभव असतो. कीथ मॅदर या शास्त्रज्ञाने या लाटांवर प्रयोग करून १९६३ साली त्यांविषयी एक लेख प्रसिद्ध केला होता. सैल मातीवरून ठराविक वेगाच्या वर चाक धावू लागले, की एखाद्या लहानशा उंचवट्यावर ते उडते, पुढे आपटते, आपटताना माती ढकलते, त्या मातीवरून पुन्हा उडते. आणि अशा रीतीने वाहनेच आपल्या वाटेवर लाटा कोरीत जातात. सरळ रस्ता करून दिला तरी रहदारी काही दिवसांत त्याच्या लाटा करते. माणसाच्या सवयींचेही असेच काहीसे होत असावे.

या लाटांवर बिऱ्हाडाचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक तार, प्रत्येक डबा तासन्‌तास थरथरत असतो. साखरेची पुडी फाटते, लोणच्याच्या बरणीचे झाकण आपोआप फिरून उघडते, घट्ट आवळलेली नटे ढिली होतात. यावर पहिला उपाय फुकटाचा आहे : चाकांतील हवा कमी करावी व वेग आवरावा. डांबरी रस्त्यावर ४० पौंड हवा असेल, तर खडीच्या रस्त्यावर ती आम्ही २८ वर आणतो, आणि मऊ वाळूत १८ पर्यंत. चाक किंचित पसरते, धक्के स्वतः गिळते, वाळूत रुतत नाही. पुन्हा डांबर लागले की लहानशा पंपाने हवा भरावयाची. कोणत्याही महागड्या स्प्रिंगपेक्षा या दहा मिनिटांच्या खटपटीने अधिक काम होते; परंतु दुकानात ती विकत मिळत नाही, म्हणून तिची महती कोणी गात नाही.

दुसरी गोष्ट वंगणाची. आमच्या मातोश्री खानापूर तालुक्यातील एका शेतकरी घराण्यात वाढल्या. त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीखाली वंगणाचे बांबूचे नळकांडे टांगलेले असे. आखाला वंगण घातल्यावाचून गाडी उंबऱ्याबाहेर पडत नसे. आमच्या बिऱ्हाडाच्या चाकांतही आखाच्या टोकावर बेअरिंगे असतात, आणि त्यांचे आयुष्य सर्वस्वी वंगणावर व धूळपाणी अडविणाऱ्या एका रबरी कड्यावर अवलंबून असते. वर्षातून एकदा, किंवा दहा हजार किलोमीटरांनंतर, चाके उतरवून बेअरिंगे काढावी, रॉकेलात धुवावी, बोटांनी तपासावी, नवे वंगण तळहाताने आत दाबून भरावे आणि कडे नवे बसवावे. प्रवासात दर दोन तासांनी थांबले की प्रत्येक चाकाच्या मध्यभागी हाताची पालथी बाजू लावून पाहावी. सारी सारखीच कोमट असतील तर ठीक. एखादे इतरांहून अधिक तापलेले असेल, तर ते चाक काही सांगत आहे असे समजावे.

तिसरी निगा कॅनव्हासची. नव्या तंबूची शिवण सुईच्या छिद्रांतून ठिबकते. म्हणून तो पहिल्या प्रवासापूर्वी अंगणात उभारून दोन-तीनदा भिजवावा व वाळवावा लागतो. पाण्याने सुती धागा फुगतो आणि छिद्रे बुजतात. पावसात भिजलेला तंबू तसाच घडी घालून ठेवला, तर आठवड्याभरात त्यावर काळी बुरशी धरते, आणि ती पुढे जन्माची सोबतीण होते. म्हणून प्रवासाहून परतल्यावर, अंग कितीही आंबले असले, तरी दुसऱ्या दिवशी तो उलगडून उन्हात घालणे हा आमच्या घरचा शिरस्ता आहे.

आता वजनाकडे वळू. कारण या साऱ्या संसाराचे मर्म वजनात आहे. प्रत्येक ट्रेलरवर एक पत्रा ठोकलेला असतो, आणि रिकाम्या ट्रेलरचे वजन किती व सामानासह जास्तीत जास्त किती चालेल, ते त्याच्या आधारे ठरते. आमचे बिऱ्हाड रिकामे ९८० किलो. मर्यादा १५०० किलो. म्हणजे पाणी, गॅस, अन्न, अंथरुणे, हत्यारे सारे मिळून ५२० किलो. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरांची टाकी भरली की १०० किलो तेथेच गेले. मर्यादेपलीकडचे वजन आख वाकविते, ब्रेक निकामी करिते, आणि अपघात झाल्यास कायद्यासमोर उभे करिते. या देशाच्या कायद्यानुसार ७५० किलोंहून अधिक भार चाकांवर घेणाऱ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि २००० किलोंपलीकडे ते प्रत्येक चाकाला हवेत.

नुसते एकूण वजन पाहूनही भागत नाही. ते कोठे ठेवले हेही महत्त्वाचे. मागे भार अधिक झाला की गाडी उलाळ होते, हे आपल्याकडील कोणताही गाडीवान सांगेल. बैलगाडी उलाळ झाली तर जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रेलर उलाळ झाला तर तो वेगात असताना शेपटी हलवू लागतो, आणि मोटारीलाही आपल्याबरोबर डोलावितो. अशा वेळी होणारे अपघात भयंकर असतात. म्हणून एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढे, मोटारीच्या जोडावर टेकला पाहिजे, असा येथील पाठ आहे. आमच्या मातोश्रींस हे समजावून सांगू लागताच त्यांनी आम्हांला मध्येच थांबविले. “एवढं इंग्रजीत कशाला शिकायला हवं? पोती धुरेकडं सारायची.”

एवढे सारे सांभाळले, की ज्याच्यापाशी बिऱ्हाड आहे त्याला एक निराळाच मोह छळू लागतो. तो म्हणजे सुधारणेचा. शेजारच्या मुक्कामी कोणाकडे चांदवा असतो, कोणाकडे ऊन पाण्याचा फवारा, कोणाकडे दोन चुली, कोणाकडे कपडे धुण्याचे यंत्र. मासिके, प्रदर्शने आणि दुकाने यांचा सारा रोख एकाच गोष्टीवर असतो : तुमच्यापाशी आहे ते कमी आहे. ज्या माणसाने साध्या राहणीच्या ओढीने तंबू घेतला, तोच पाच वर्षांनी तंबूत सारे शहर भरून निघतो, आणि मग त्या शहराचे वजन ओढण्यासाठी मोठी मोटार घेतो. मोटार मोठी झाली की तिला इंधन अधिक. इंधनासाठी पैसा अधिक. पैशासाठी काम अधिक. आणि अखेरीस प्रवासालाच सवड उरत नाही. पर्थच्या कित्येक अंगणांत अशी सर्व साधनांनी सजलेली बिऱ्हाडे वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी आहेत.

या मोहावर आम्ही तोड काढली ती अशी. कोणतीही नवी वस्तू घेण्याआधी तीन प्रश्न विचारावयाचे : हिने कोणाचा जीव अधिक सुरक्षित होतो काय? हिच्यावाचून कोणाचे खरोखर अडते काय? आणि ही आत आली तर बाहेर काय जाणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर किलोत द्यावयाचे. या प्रश्नांची खरी कसोटी २०२३ साली लागली.

त्या वर्षी मातोश्री सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. वय ७८, गुडघे थकलेले, आणि मधुमेहामुळे दररोज इन्सुलिन. येथील एका फादरांकडून त्यांनी बीगल बे येथील चर्चविषयी ऐकले होते, व त्याचे एक छायाचित्रही त्यांच्या प्रार्थनापुस्तकात येऊन बसले होते. किंबर्ली प्रदेशात, ब्रूम गावाच्या उत्तरेस असलेले हे चर्च आपल्या डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्यांची मागणी. पर्थहून ब्रूम सुमारे २२०० किलोमीटर, आणि तेथून पुढे आणखी शंभरावर. विमानाने जाता आले असते. परंतु तिघांचे भाडे, तेथील मोटारीचे भाडे आणि हंगामातील हॉटेलांचे दर यांची बेरीज आमच्या आटोक्याबाहेरची होती. जावयाचे तर बिऱ्हाडानेच. डॉक्टरांनी अनुमती दिली, पण दोन अटींवर : इन्सुलिन सतत २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहिले पाहिजे, ते गोठताही कामा नये, आणि रात्री त्यांनी शिडी चढता कामा नये.

बिऱ्हाडातील बिछाना छातीइतक्या उंचीवर. म्हणजे मातोश्रींसाठी खाली स्वतंत्र खाट हवी. ती १४ किलो. रात्रीसाठी घडीची संडास-खुर्ची ७ किलो. जादा पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. एकूण ६१. आम्ही नेहमीचे सामान भरून बिऱ्हाड सार्वजनिक वजनकाट्यावर नेले. काट्याने १४८० किलो दाखविले. शिल्लक २० किलो. उरलेले ४१ किलो कोठून आणावयाचे?

उत्तर बॅटऱ्यांत सापडले. बिऱ्हाडात शिशाच्या दोन जुन्या बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी १०० अँपिअर-तासांची व ३० किलोंची. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे नावाला २००, पण हाती १००. त्याच क्षमतेच्या लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्या प्रत्येकी १२ किलोंच्या, आणि त्या बऱ्याच खोलपर्यंत वापरता येतात. दोहोंतून १६० तरी निश्चित मिळतात. त्या भरण्याची रीत मात्र वेगळी असल्याने भरणयंत्रही त्यांच्या जोगते घ्यावे लागते, आणि त्यांची पेटी निजण्याच्या जागेपासून बंदिस्त व बाहेरून हवा खेळणारी हवी. खर्च मोठा होता. पण पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे होते, आणि तिसऱ्याच्या उत्तरात ३६ किलो उलट परत मिळत होते. शीतकपाटाची आता इतकी खात्री झाल्यावर विजेचे जनित्रही घरी ठेविता आले. ते २० किलो. वीस, छत्तीस आणि वीस मिळून झाले ७६. त्यांतून ६१ वजा जाता हाती १५ किलो उरले. ते आम्ही कशानेही भरले नाहीत.

परंतु आकडेमोड जुळली म्हणजे काम झाले, असे नसते. निघण्यापूर्वी आम्ही बिऱ्हाड अंगणात उभारून दोन रात्री त्यात काढल्या, आणि शीतकपाटात इन्सुलिनऐवजी पाण्याची बाटली व तापमापक ठेविला. पहाटे पाहतो तो १४ अंश! बॅटरी भरलेली, आणि कपाट बंद. मोजमाप केल्यावर उलगडा झाला. बॅटरीपाशी दाब पुरेसा, पण कपाटापाशी जेमतेम ११.१ व्होल्ट. मूळ बांधणाऱ्याने घातलेली तार केसासारखी बारीक, आणि मधला जोड गंजून हिरवा झालेला. दूरवर बारीक तारेने वीज नेली की वाटेतच तिचा दाब गळतो, आणि बॅटरी संपत आली असे समजून कपाट स्वतःला बंद करून घेते. आम्ही १० चौरस मिलिमीटर जाडीची नवी तार बॅटरीपासून थेट कपाटापर्यंत ओढली, तिला स्वतंत्र फ्यूज दिला, आणि प्रत्येक जोड दाबून पक्का केला. पुढच्या दोन रात्री तापमापक ४ अंशांवर स्थिर. मग निम्मे इन्सुलिन या कपाटात आणि निम्मे मोटारीतील लहान कपाटात, अशी वाटणी ठरली. एकाने दगा दिला तरी दुसरे असावे म्हणून. या तारेकडे कोणी पाहुणा कधी कौतुकाने पाहणार नाही. पण बिऱ्हाडाला आजवर केलेली सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असे विचाराल तर आम्ही तिच्याकडेच बोट दाखवू.

जुलै महिन्यात, उत्तरेकडील कोरड्या ऋतूत, आम्ही निघालो. दररोज तीनशे किलोमीटरांहून अधिक जावयाचे नाही, उन्हे कलण्यापूर्वी मुक्काम करावयाचा. कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. वाटेत ५० मीटरांहूनही लांब मालगाड्या, एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर जोडलेल्या, वारा उडवीत शेजारून जात. न्यूमन गावाच्या पुढे एका थांब्यावर नेहमीप्रमाणे चाकांना हात लावून पाहिले. तीन थांबे सारखी असलेली चाके या वेळी सारखी नव्हती. डावे चाक चटका बसावा असे तापले होते. चाक उतरविले. रबरी कडे फाटून धूळ आत गेली होती आणि बेअरिंगवर निळसर डाग पडू लागले होते. आणखी शे-दीडशे किलोमीटर गेलो असतो, तर ते विरघळून चाकच निखळले असते, आणि आमच्या मागे-पुढे होत्या त्या मालगाड्या.

जादा बेअरिंगांचा जोड, कडे, वंगणाचा डबा आणि हत्यारे सोबत होती; वजन कमी करताना त्या पेटीला आम्ही हात लाविला नव्हता. मातोश्री खुर्ची घेऊन शेजारी बसल्या. वंगणाचा डबा त्यांनी मांडीवर धरला होता. बोट बुडवून त्यांनी ते उजेडात पाहिले. “हे निळं कसं? आमच्याकडं काळं असायचं,” त्या म्हणाल्या, आणि मग विचारल्यावाचूनच बेअरिंग हाती घेऊन, तळहाताच्या टाचेने वंगण आत दाबू लागल्या. सत्तर वर्षांपूर्वी वडिलांच्या गाडीपाशी पाहिलेले काम त्यांच्या हातांना ठाऊक होते. दोन तासांत चाक जागेवर बसले. पुढच्या थांब्यावर पहिला हात त्यांनीच लाविला.

ब्रूमपासून बीगल बेकडे जाणारा रस्ता पूर्वी लाल मातीचा व लाटांसाठी कुप्रसिद्ध होता. २०१८ साली आम्ही त्यावरून गेलो तेव्हा आमची चहाची किटली गळकी झाली होती. २०२० साली त्याचे डांबरीकरण पुरे झाले. त्यामुळे बिऱ्हाडाच्या भक्कमपणाची कसोटी मुख्य रस्त्यावर लागलीच नाही. ती लागली मुक्कामाकडे नेणाऱ्या वाळूच्या फाट्यावर.

बीगल बे ही न्युल न्युल आदिवासींच्या भूमीवरील वस्ती. येथे १८९० साली ट्रॅपिस्ट संन्यासी आले, आणि १९०१ पासून पॅलोटाइन धर्मगुरूंनी मिशनचा भार घेतला. पहिल्या महायुद्धात हे जर्मन मिशनरी संशयास्पद परके ठरले असता, त्यांनी व स्थानिक लोकांनी मिळून हातांनी विटा घडविल्या आणि येशूच्या पवित्र हृदयाचे पांढरेशुभ्र चर्च उभारले. ते १९१८ साली पूर्ण झाले. आत वेदी, भिंती, कमानी साऱ्या मोत्यांच्या शिंपल्यांनी, कवड्यांनी आणि शंखांनी मढविलेल्या आहेत. याच वस्तीत, सरकारी धोरणानुसार आईबापांपासून तोडून आणलेली आदिवासी मुलेही वाढली. ते दुःख येथील कुटुंबे आजही बाळगून आहेत, आणि त्या चर्चमध्ये गुडघे टेकताना ते विसरणे योग्य नव्हे.

मातोश्रींस गुडघे टेकता येत नाहीत. त्या बाकावर बसून बराच वेळ वेदीकडे पाहत राहिल्या. आम्हांला वाटले, त्या जपमाळ म्हणत आहेत. पण काही वेळाने त्या म्हणाल्या, “आजोळच्या खिडक्यांना असेच शिंपले होते.” गोमंतकातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत, हे पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. त्या चकत्यांतून येणारा दुधी उजेड त्यांना समुद्रापलीकडे, मातृभूमीपासून इतक्या दूर, अनपेक्षितपणे पुन्हा भेटला. त्या रात्री खाटेवर निजण्यापूर्वी त्यांनी इन्सुलिन घेतले. कपाटाचा आकडा ४ होता.

वनवासातील इस्राएल लोकांस मान्ना रोजच्या पुरताच गोळा करण्याची आज्ञा होती. अधिक साठविला त्याला किडे पडले, असे निर्गमाच्या पुस्तकात आहे. शिष्यांस प्रवासाला धाडताना प्रभूनेही झोळी व दुसरा अंगरखा नाकारला. आम्ही संसारी माणसे; झोळीवाचून आमचे चालत नाही, आणि बेअरिंगांच्या जादा जोडावाचून तर नाहीच. परंतु वजनकाट्यावर उभे राहिले, की त्या वचनांतील व्यवहार कळू लागतो. जवळ बाळगलेल्या प्रत्येक वस्तूचा भार कोणीतरी वाहत असते : कधी आख वाहतो, कधी ब्रेक, कधी घरातले माणूस. वस्तूचे आपण मालक असतो म्हणून तिला सजविण्याचा हक्क आपल्याला मिळतो खरा. पण त्याच्याही आधी, तिच्या भरवशावर निजणाऱ्या माणसाचे आपण राखणदार असतो.

मातोश्री त्याच वर्षी नाताळापूर्वी बेळगावला परतल्या. खाट बिऱ्हाडातून काढून ठेविली आहे. तिच्या जागी दुसरे काही आलेले नाही. कॅनव्हासची एक शिवण उसवू लागली आहे, ती या हिवाळ्यात नव्याने घालावयाची आहे. जोडाच्या साखळ्या तपासून झाल्या. एका टायरची मुदत भरत आली आहे. दर रविवारी मिस्सेनंतर बेळगावहून दूरध्वनी येतो. पहिली चौकशी नातवंडांची. दुसरी, वंगण घातले की नाही याची.